दाराचे डोळे

अमेरिकेत ऑनसाइट गेलेल्यांनी गॅरेजच्या दारापाशी जमिनीलगत दोन इवलेसे 'डोळे' पाहिले असतील. त्यांच्यामागचा इतिहास दुःखद आहे. १९८०च्या दशकात ऑटोमॅटिक दाराखाली सापडून तिथे अनेक मुलं दगावली. शेवटी १९९० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला असा सेन्सर किंवा तशीच दुसरी सोय सक्तीची झाली. सेन्सर जमिनीपासून ६ इंचांच्या आतच, कारण पडलेलं मूलही दिसायला हवं.

म्हणून महिन्यातून एकदा भिंगं पुसा. दार खाली येताना मध्ये झाडूचा दांडा धरा, दार परत वर गेलंच पाहिजे. दार सारखं अडतं म्हणून सेन्सर काढून छताला समोरासमोर चिकटवणारे महाभागही असतात! टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच डिलीट करण्यासारखं आहे हे.