दोन प्लगचं भांडण

जळगाव असो की धुळे, पल्सरवरची ‘डीटीएस-आय’ ही अक्षरं आपण सगळ्यांनीच वाचलीयेत. त्यांच्यामागे बारा वर्षांचं भांडण आहे. आज तेच सांगतो.

पुण्याच्या बजाज ऑटोने 2002 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. लहान सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एकाऐवजी दोन स्पार्क प्लग. दोन्हीकडून ठिणगी पडली की मिश्रण लवकर आणि नीट जळतं. 2005 मध्ये पेटंट मिळालं. 2007 मध्ये टीव्हीएसने दोन प्लगची ‘फ्लेम’ आणली आणि प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं.

टीव्हीएसचं म्हणणं, यात नवं काय? दोन प्लग होंडाच्या जुन्या अमेरिकन पेटंटमध्ये आहेतच. शिवाय आमच्या इंजिनाला व्हॉल्व्ह तीन, तुमच्याला दोन.

कायदा इथे हेही विचारतो: ही सुधारणा त्या कामातल्या जाणकाराला तेव्हा सहज सुचली असती का? ‘तेव्हा’ हा शब्द महत्त्वाचा. आज कुठल्याही गॅरेजात विचारा, ‘त्यात काय एवढं!’ म्हणतील. पण उत्तर कळल्यावर कोडं सोपंच वाटतं.

फेब्रुवारी 2008 मध्ये दोन प्लगच्या फ्लेमवर मनाई आली, टीव्हीएसने एकाच प्लगची गाडी विकली. मे 2009 मध्ये मनाई उठली. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने विक्रीचा हिशेब ठेवायला लावला आणि खटला लवकर संपवा म्हणून बजावलं. तरी तो रखडला, 2019 मध्ये समझोता झाला.

म्हणजे खऱ्या प्रश्नाचा शेवटचा निकाल लागलाच नाही. तुम्ही न्यायाधीश असता, तर काय ठरवलं असतं? नक्की कळवा.