विद्येसाठी काढलेले कर्ज : हिंगोली भागाचा पूर्वेतिहास

बारावीचे निकाल लागले, की आपल्या ज्ञातीतील अनेक घरांत दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. मुलाच्या वा मुलीच्या मनात पुण्या-मुंबईचे एखादे नामांकित कॉलेज भरलेले असते. तेथील फी भरावयाची, तर बँकेचे कर्ज काढावे लागते अथवा हळदीचे रान विकण्याची भाषा करावी लागते. नांदेडचे किंवा हिंगोलीचेच कॉलेज अल्प खर्चात मिळत असते. परंतु तेथे मन घेत नाही. स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा या प्रश्नाचा पूर्वेतिहासच ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, असे आम्ही ठरविले.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. आणि १९४८ पर्यंत तर हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या काळी उच्च शिक्षणाचा जवळचा व स्वस्त मार्ग म्हणजे १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ. तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. औरंगाबादेस कॉलेज होते, पण ते इंटरमिजिएटपर्यंतच. ज्यास पुण्याच्या फर्ग्युसनचे वेड लागले असेल, त्याने हिंगोलीहून पूर्णा गाठावी, तेथे गाडी बदलून मनमाडपर्यंत जावे आणि मनमाडास मीटरगेजचा डबा सोडून मोठ्या गाडीत बसावे. खर्चाचा हिशेब याहून अवघड. आपल्याकडे चालत असे निजामाचा हाली सिक्का आणि पुण्यास हवा असे इंग्रजी कळदार रुपया. सुमारे ७ हाली रुपये मोजावेत तेव्हा ६ कळदार हाती येत. म्हणजे पुण्याची फी भरण्यापूर्वीच प्रत्येक सात रुपयांमागे एक रुपया वाटेतच झिजत असे!

तरीही मुले बाहेर गेली, आणि काहींना तर जावेच लागले. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्याच्या प्रश्नावर औरंगाबादेस व उस्मानियात विद्यार्थ्यांनी संप केला. अनेकांची नावे काढून टाकण्यात आली. त्यांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला; पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. अशा मुलांच्या घरी स्वस्त की महाग हा प्रश्नच उरला नव्हता. जवळचे दार बंद झाले होते, आणि दूरचे दार उघडण्यास पैसा उभा करणे भाग होते.

आमच्याही घराण्यात याच सुमारास एका चुलत्यांना पुण्यास पाठविण्यात आले. कयाधूकाठची चार एकर काळी जमीन सावकाराकडे गहाण पडली. चुलते हुशार होते. ते वकील झाले, नावारूपास आले. शेत मात्र सुटले नाही, कारण मुद्दल तसेच राहून व्याजच वाढत गेले. थोरले आजोबा, ज्यांनी शाळेचे तोंडही फारसे पाहिले नव्हते, ते त्याच शेतात पुढे बटईने राबले. हा व्यवहार योग्य झाला की नाही, यावर आमच्या घरात तीन पिढ्या वाद झाला व अजूनही एकमत नाही. वकील चुलत्यांच्या मुलांस तो योग्य वाटतो, हे सांगणे नलगे.

कर्ज काढून शिकलेल्यांचे नाव निघाले, की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पुढे येते. ते नीट तपासून घ्यावे, असे आम्हांस वाटते. १९२० च्या जुलैत ते लंडनला निघाले, त्यापूर्वी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपये वेतनावर प्राध्यापकी करून त्यांनी शिल्लक टाकली होती. शाहू महाराजांनी १,५०० रुपये साह्य दिले. आणि उरलेल्या गरजेपुरते ५,००० रुपये त्यांनी नवल भथेना या स्नेह्याकडून उसने घेतले. म्हणजे आधी कमाई, मग मदत आणि शेवटी कर्ज, असा हा क्रम. शिवाय जे शिकावयाचे होते, ते त्या काळी मुंबईत मिळण्यासारखे नव्हते. त्या वर्षांत मुंबईत रमाबाईंनी संसार किती ओढगस्तीत चालविला, हे उदाहरण देणारे सहसा सांगत नाहीत.

आणि याच विद्वानाने १९५० साली औरंगाबादेस कॉलेज काढले, ज्यास पुढे मिलिंद हे नाव मिळाले. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, १९९४ साली नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ आले, आणि २०२४ पासून तर खुद्द हिंगोलीस १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. ज्यांनी ही दारे उघडली, त्यांचा हेतू हाच, की शेत गहाण टाकल्यावाचून पोरास शिकता यावे. वसतिगृहांच्या कामी कोल्हापुरात १९०१ पासून ज्ञातिज्ञातींनी जे केले, त्याचाच कित्ता आपल्या संस्थेनेही गिरविला आहे.

आता आजची गोष्ट. आमच्या नात्यातील एका मुलीस पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात संगणक शाखा मिळत होती, पण व्यवस्थापन कोट्यातून. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत, जी १९८१ पासून चालू आहे, तिला जागा होती ती वस्त्रतंत्र शाखेत. २०२४ च्या जुलैपासून ८ लाखांखालील उत्पन्नाच्या मागास व दुर्बल घटकांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शासनाने माफ केली आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातील जागेस ती लागू नाही, हे पुष्कळ पालकांस प्रवेशाच्या दिवशीच कळते. आम्ही तिच्यासह हिशेबास बसलो. वर्षास ३ लाख, म्हणजे चार वर्षांत १२ लाख. साडेसात लाखांवरील कर्जास बँका साधारणतः तारण मागतात, आणि शेतजमिनीचे तारण अनेक बँका घेत नाहीत. म्हणजे राहते घर द्यावयाचे. हप्ते अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून धावते. १० टक्के सरळ व्याज धरले, तरी फेडीच्या दिवशी कर्ज १६ लाख २० हजारांवर जाते, आणि ते दहा वर्षांत फेडावयाचे, तर महिना सुमारे २१,४०० रुपये हप्ता पडतो.

हे आकडे पाहून तिच्या वडिलांनी तरीही "घर ठेवू तारण" असे म्हटले. बापाचे मन! मुलगीच म्हणाली, की हप्ता मी फेडेन म्हणते, पण नोकरी लांबली तर घर तुमचे जाईल, माझे नव्हे. आम्हांस थोरल्या आजोबांची आठवण झाली; त्यांस असे कोणी विचारलेच नव्हते.

कर्ज सर्वथा त्याज्य आहे, असे आमचे मत नाही. जी विद्या जवळ मिळत नाही, तिच्यासाठी ते काढावे. केवळ कॉलेजच्या नावासाठी काढताना मात्र फेड कोणाच्या अंगावर पडणार, हे त्या माणसास समोर बसवून विचारावे. मुलगी नांदेडास गेली. शाखा बदलून मिळेल ही तिची आशा पहिल्या वर्षाअखेर फळास आली नाही. ती अजूनही कधी कधी पुण्याच्या त्या कॉलेजाचे नाव काढते, आणि तेथे शिकत असलेल्या मैत्रिणीचे फोन आले, की दिवसभर गप्प असते.