शिलेदार, बारगीर आणि भाच्याची मोटारसायकल

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस पाहण्यासारखा असतो. विकणारा आपल्या घोड्याच्या पंचकल्याणी रंगाचे गुणगान करत असतो, आणि घेणारा मात्र खाली वाकून खूर पाहत असतो. तो जबडा उघडून दात पाहतो, चारही पायांवरून हात फिरवतो, घोडा चालवून बघतो, पळवून बघतो. भावाची गोष्ट मागाहून निघते.

मागील यात्रेच्या दिवसांत तापीकाठी ही पारख पाहत उभा असताना मला इंदूरहून भाच्याचा फोन आला. “मामा, सेकंडहँड स्पोर्ट बाईक घ्यायची आहे. तुम्ही बघायला या ना. थोडे पैसे कमी पडतायत. आणि आईला सांगू नका.” खोदून विचारले तेव्हा कळले की गाडी कॉलेजला जाण्यासाठी नव्हे, ‘स्टंट’साठी हवी आहे. पुढचे चाक उचलून मागच्या चाकावर गाडी पळवायची ती व्हीली, आणि ब्रेक दाबून मागचे चाक हवेत उचलायचे ती स्टॉपी. भाचा वीस वर्षांचा आहे. मोटारसायकलवरून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी आमच्या शाळेने दोनदा शोकसभा घेतली आहे, आणि दोन्ही वेळा बोलायला मीच उभा होतो. त्यामुळे हा फोन मला हसण्यावारी नेता आला नाही.

मामाने भाच्याला वाहन द्यावे, ही आमच्या भागातील जुनी गोष्ट आहे. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ साली जेजुरीजवळच्या होळ गावी झाला. वडील लवकर वारले, तेव्हा आई त्यांना घेऊन तळोद्याला आपल्या भावाकडे, भोजराज बारगळांकडे आली. बारगळांचे घोडदळाचे पथक कदमबांड्यांच्या चाकरीत होते. मामांनी भाच्याला या पथकात घेतले. पुढे मल्हारराव पेशव्यांच्या सेवेत गेले, माळव्यात त्यांचा अंमल बसला, आणि १८१८ नंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. म्हणजे इंदूरच्या राजवाड्याची वाट आमच्या तळोद्याच्या गढीतून गेली आहे. हे मी भाच्याला लहानपणापासून अभिमानाने सांगत आलो. आता तेच माझ्यावर उलटले होते!

तेव्हा या गोष्टीचा अर्थ नीट लावणे भाग पडले. मराठी घोडदळात स्वारांचे दोन प्रकार होते. शिलेदार हा स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिवकाळात भर पागेवर होता. सभासदाने आपल्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांचा एक जुमला अशी रचना दिली आहे, आणि शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीत ठेवल्याचे सांगितले आहे. यात राजाची सत्ता मजबूत राहण्याचा हेतू होताच, पण आणखी एक व्यवहार होता. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचे सारे भांडवल. घोडा पडला की स्वार पायदळी आला, आणि घरच्या चुलीपर्यंत त्याची झळ गेली. असा माणूस घोडा जपून घालणारच. बारगिराचा घोडा पडला तर पागा दुसरा देई. त्या घोड्याला चंदी पागेची, नालबंद पागेचा आणि शिस्तही पागेची.

जीव धोक्यात घालण्याची करामत हे पागेचे काम आहे, एकट्या शिलेदाराचे नव्हे, असे मला यातून दिसते. आणि आजच्या मोटारसायकलीलाही हे तंतोतंत लागू पडते.

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात मोटारसायकलींवर मनोरे रचणारे जवान आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांपैकी सैन्याच्या सिग्नल कोअरचे ‘डेअर डेव्हिल्स’ हे पथक १९३५ सालापासूनचे, आणि त्याचे ठाणे मध्य प्रदेशातच, जबलपूरला आहे. युद्धात मोटारसायकलवरून निरोप पोहोचवणारे स्वार हे सिग्नलचे जुने अंग. त्याच सरावातून हे कसब वाढले. त्यांचे वाहन कोणते? बुलेट! वेगाच्या शर्यतीत ही गाडी कधीच मागे पडेल. पण तिचे फ्लायव्हील जड असल्यामुळे ती अगदी सावकाश, एका लयीत, धक्का न देता चालते, आणि मनोऱ्याला तेच हवे असते. शिवाय गाडी सरकारची, मैदान मोकळे, शिकवायला उस्ताद आणि जवळ डॉक्टर. ही आजची पागाच म्हणायची.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच देशातले आहे. १९८३ साली एस्कॉर्ट्‌सने यामाहाच्या तंत्रावर ‘राजदूत ३५०’ बाजारात आणली. दोन सिलिंडर, सुमारे तीस अश्वशक्ती. त्या काळी रस्त्यावर तिला तोड नव्हती. पण मूळ जपानी गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक इथे जाऊन त्या जागी ड्रम ब्रेक आला. घोडा अरबी आणि लगाम सुती, असा तो प्रकार झाला. नव्वद सालाच्या सुमारास ती बंद पडली. त्याच काळातली यामाहा आरएक्स १०० (१९८५ ते १९९६) ही अवघी ९८ सीसीची, अकरा अश्वशक्तीची, पण वजनाला सुमारे शंभर किलो. आमच्या भीमथडी तट्टासारखी ती हलकी आणि चपळ. तिचे इंजिन टू-स्ट्रोक असल्याने वंगण पेट्रोलाबरोबरच आत जाते. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल तळाशी साठलेले असते. गाडी मागच्या चाकावर बराच वेळ उभी धरली की ते मागे सरकते, पंपाला हवा लागते आणि इंजिन आतून कोरडे झिजते. वरचा रंग मात्र चकचकीत राहतो!

हे एवढे समजून घेऊन मी शहादा, खेतिया, सेंधवा करत इंदूर गाठले. ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घेतले. गाडी दोनशे सीसीची, लाल, ताज्या स्टिकरांनी नटवलेली. विकणारा म्हणाला, “भिया, एक हाथ की गाड़ी है, आँख मूँदकर ले जाओ.” मिस्त्रीने डोळे मिटले नाहीत. तो मागे जाऊन उकिडवा बसला आणि दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते पाहिले. पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल हलके फिरवले, तर मधोमध आल्यावर ते खट्‌कन अडकले. उचललेले चाक पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटले की मानेच्या बेअरिंगला असे खळगे पडतात. टाकीखाली फ्रेमवर बोट फिरवले तर एके जागी रंग नवा आणि त्याखाली वेल्डिंगचा फुगवटा. मागचे दातेरी चक्र मूळचे नव्हते. जोर वाढवण्यासाठी मोठे बसवलेले होते. मिस्त्री उठून हात पुसत म्हणाला, “सर, जे करायला घेताय, ते हिच्यावर करून झालंय.”

कागद पाहिले. गाडीचा क्रमांक निघाला एम.एच. ३९, म्हणजे आमच्याच नंदुरबार जिल्ह्याचा. परराज्यात नाव बदलायचे तर मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, तो नव्हता. सीमेवरच्या आपल्या घरांतून अशा गाड्या नुसत्या सहीच्या कोऱ्या फॉर्मवर इकडून तिकडे जातात, म्हणून सांगतो. नाव बदलेपर्यंत नोंदीतला मालकच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केले आहे. आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

गाडी तिथेच ठेवली. भाचा चिडून म्हणाला, “मग दुसरी बघू. चांगली.”

मी म्हणालो, “दुसरी मिळेल रे. पण मैदान कुठे आहे?” इंदूरजवळ पीथमपूरला २०२१ साली ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा मार्ग सुरू झाला. गाडी बनवणारे कारखानेसुद्धा तिची परीक्षा अशा बंदिस्त जागी घेतात. भाजीवाल्याच्या गाडीशेजारून घेत नाहीत. “सकाळी ज्या गाडीवर तू कॉलेजला जाणार, तिच्यावरच संध्याकाळी करामती करणार. ती मोडली तर दुसरी नाही, आणि तू मोडलास तर ताईला दुसरा मुलगा नाही. शिकायचेच असेल तर बंद मैदान, शिकवणारा माणूस, अंगभर संरक्षक कपडे आणि त्या कामापुरती वेगळी गाडी शोध. हे चारही जमले की मला फोन कर. पैसे तयार ठेवतो.”

तो काही बोलला नाही. परत निघण्यापूर्वी मी ताईला सारे सांगितले. त्याचा विश्वास मोडला, हे मला मान्य आहे.

यंदाच्या भाऊबीजेला इंदूरला जायचे आहे. भाचा अजून माझ्याशी मोकळेपणी बोलत नाही. तळोद्याच्या त्या मामांनी भाच्याला नुसता घोडा दिला नव्हता, अख्खे पथक पाठीशी उभे केले होते. माझ्याजवळ पथक नाही. मग नुसता घोडा देण्याचा अधिकार मला कुठून असणार?