बोलीआधीची उलटतपासणी

जुन्या मोटारीचा सौदा हा मुळात माहितीचा सौदा असतो. चेसिसवरचा नंबर कारखान्यात कोरलेला आहे की नंतर ठोकलेला, इंजिन मूळचे आहे की दुसऱ्या गाडीतून काढून बसवलेले, चकचकीत रंगाखाली पत्रा शाबूत आहे की लांबी भरून झाकलेला, यावर एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. यातले बहुतेक विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊनच या असमानतेचा परिणाम दाखवून दिला. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधला भाव देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला तो परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि खराब मालच मागे उरतो. या तर्काने पाहिले, तर हजारो मैलांवरची पन्नास वर्षांची मोटार केवळ पडद्यावर पाहून विकत घेण्याचा व्यवहार रुजायलाच नको होता. तरीही तो रुजला. याचे श्रेय सहसा इंटरनेटच्या वेगाला आणि पल्ल्याला दिले जाते. मला ते अपुरे वाटते. हा बाजार उभा राहिला तो विकणाऱ्याला चारचौघांत उत्तरे द्यायला लावणारी रीत तयार झाल्यामुळे.

आधी दालनातल्या लिलावाकडे पाहू. अमेरिकेत इंडियाना राज्यातील ऑबर्न आणि ॲरिझोनातील स्कॉट्सडेल या गावांत १९७१ च्या सुमारास जुन्या मोटारींचे मोठे लिलाव सुरू झाले. पुढे युरोपातल्या चित्रे-दागिने विकणाऱ्या पेढ्यांनीही हा व्यापार मनावर घेतला. १९८७ मध्ये क्रिस्टीजने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बुगाटी रॉयाल ही मोटार ५५ लाख पौंडांना विकली, तेव्हा मोटार हीसुद्धा कलावस्तूच्या तोलाची ठरली. दालनाचे फायदे खरे होते. गाडी समोर उभी असे, जाणकार वाकून तिचे बूड पाहू शकत असे. पण प्रत्येक गाडीच्या वाट्याला मंचावर काही मिनिटेच येत. तिची माहितीपत्रिका विकणाऱ्याच्या बाजूने लिहिली जाई, आणि हातोडा पडला की गाडी ‘आहे त्या स्थितीत’ घेतलेली मानली जाई. शंका असलीच तर ती ज्याची त्याच्यापाशी राहायची. एका जाणकाराला दिसलेला दोष शेजारच्या बोलीदाराला कळावा, अशी सोय तिथे नव्हती. उलट गप्प राहण्यातच जाणकाराचा फायदा होता. त्यामुळे हा व्यापार ज्यांच्याकडे आधीच ज्ञान होते किंवा ते विकत घेण्याइतके पैसे होते, त्यांच्याच हाती राहिला.

१९९५ मध्ये ईबे सुरू झाले आणि २००० मध्ये त्याचा मोटारींचा स्वतंत्र विभाग आला. त्याआधी, १९९९ मध्ये, ईबेने ऑबर्नच्या क्रूझ या जुन्या लिलावपेढीलाच विकत घेतले होते. पल्ला हेच यशाचे कारण असते, तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण ईबेच्या रीतीत दोन उणिवा होत्या. पहिली वेळेची. लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होई, म्हणून बोलीदार शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसत. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली. ॲमेझॉनवर उशिरा बोली आली की मुदत आपोआप वाढत असे, आणि तिथे शेवटच्या क्षणीच्या बोल्या कितीतरी कमी आढळल्या. दुसरी उणीव अधिक खोल होती. काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे प्रामुख्याने विकणारा ठरवत होता. तरी आशेची एक खूणही याच बाजारात सापडली. ग्रेगरी लुईस यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ईबेवरील मोटारींच्या अभ्यासात दिसले, की विकणारा छायाचित्रे आणि वर्णनातून जितके उघड करतो, त्याचा भावावर ठळक परिणाम होतो. म्हणजे उघड बोलण्याला बाजार किंमत देत होता. उणीव होती ती विकणाऱ्याला उघड बोलायला भाग पाडण्याची.

ते काम ‘ब्रिंग अ ट्रेलर’ने केले. २००७ मध्ये निघालेले हे संकेतस्थळ आधी इतरत्र विकायला असलेल्या चांगल्या गाड्या निवडून दाखवत असे. स्वतःचे लिलाव त्याने २०१४ मध्ये सुरू केले. इथे प्रत्येक गाडी आधी पारखून मगच मांडली जाते. लिलाव काही दिवस चालतो, आणि त्या दिवसांत कोणीही सर्वांसमोर प्रश्न विचारू शकतो. दाराखालच्या पट्टीचे फोटो कुठे आहेत, थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज ऐकवाल का, या वर्षीच्या गाडीला हे चाक नव्हते मग ते आले कुठून, असे प्रश्न येतात आणि विकणाऱ्याचे मौनसुद्धा सर्वांना दिसते. विचारणाऱ्यांत बोली न लावणारे हौशी मोठ्या संख्येने असतात. दालनात जे ज्ञान प्रत्येकाने खिशात जपून ठेवले होते, ते इथे सार्वजनिक होते, कारण ते सांगण्यात हौशी माणसाचे काही जात नाही आणि त्याचा मान वाढतो. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर वेळ पुन्हा वाढतो, म्हणून दबा धरण्यातही अर्थ उरत नाही. शिवाय संपलेले लिलाव प्रश्नोत्तरांसह जपले जातात. राखीव किमतीपर्यंत न पोचलेली बोलीसुद्धा नोंदीत राहते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ताडून पाहायला आधार मिळतो. २०२० मध्ये हर्स्ट या माध्यमसमूहाने हे संकेतस्थळ विकत घेतले.

यावर पहिला आक्षेप असा, की लोखंड डोळ्यांनी नव्हे, हातांनी पारखायचे असते. फोटोत गंज लपवता येतो आणि गिअरबॉक्सची घरघर ऐकू येत नाही. हे खरे आहे, आणि भारी गाडीसाठी स्वतंत्र मेकॅनिक पाठवून तपासणी करून घेणे आजही शहाणपणाचे आहे. पण एका माणसाच्या अर्ध्या तासाच्या पाहणीतून जे निसटते, ते शेकडो फोटोंवर अनेक जाणकारांनी घालवलेल्या दिवसांत सापडण्याची शक्यता जास्त असते. दुसरा आक्षेप असा, की हे सारे कोरोनाच्या टाळेबंदीने घडवले. २०२० मध्ये दालने बंद पडली आणि आरएम सदबीज या लिलावपेढीने त्या मे महिन्यात फेरारी एन्झो २६.४ लाख डॉलरना ऑनलाइन विकली, हे खरेच. पण तोवर या रीतीला सहा वर्षे झाली होती. टाळेबंदीने गती दिली, पाया आधीच घातलेला होता. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. भाव उघड झाले की हौशी माणसामागून गुंतवणूकदार येतो, आणि तरुण मेकॅनिकला परवडणारी गाडी तिजोरीतली ठेव बनते. ही हानी खरी आहे. मात्र ती ऑनलाइन लिलावाने जन्माला घातलेली नाही. रॉयालचे ५५ लाख पौंड दालनातच मोजले गेले होते. अज्ञानामुळे स्वस्त मिळणारी गाडी नेहमी कोणाच्या तरी नुकसानीत मिळते, आणि ते नुकसान बहुधा गाडीची किंमत न कळलेल्या मालकाचे असते.

भारतात हे नुकसान मोठ्या प्रमाणावर झाले. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. त्याच्या आगेमागे राजवाड्यांतल्या कितीतरी रोल्स-रॉईस आणि डेमलर मातीमोल भावात परदेशी गेल्या. तिकडच्या संग्राहकांना त्यांचे मोल ठाऊक होते, इथल्या कारभाऱ्यांना नव्हते. पुढे जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आले, पण देशातला व्यवहार दलाल आणि ओळखीपाळखीवरच चालू राहिला. मुंबईच्या अस्तागुरू या लिलावसंस्थेने २०२० मध्ये जुन्या मोटारींचा ऑनलाइन लिलाव घेतला, तेव्हा हे दार किलकिले झाले. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेतल्या क्रमांकाची वेगळी नोंदणी ठरवली. तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची आहे, आणि गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे.

ही अट महत्त्वाची आहे, कारण मूळपणा सिद्ध करायचा तर कागद लागतात, आणि आपल्याकडे कमतरता गाड्यांपेक्षा कागदांची अधिक आहे. कारखान्याची पत्रे, जुनी आरसी बुके, गॅरेजच्या पावत्या घरोघरी रद्दीत जातात. परदेशी संकेतस्थळाची नक्कल करून भारतात विश्वासाचा बाजार उभा राहणार नाही. विकणाऱ्याने गाडीची कुळकथा पुराव्यानिशी मांडावी, ज्याला शंका असेल त्याने ती उघड विचारावी आणि उत्तर कायम नोंदले जावे, हा शिरस्ता आधी पडायला हवा. लिलावसंस्था, मोटारप्रेमींचे क्लब आणि परिवहन खाते यांनी मिळून अशी सार्वजनिक नोंदवही सुरू केली, तर भावही रास्त मिळेल आणि गाडीबरोबर तिचा इतिहासही टिकेल. तोपर्यंत आपल्याकडच्या ऑनलाइन लिलावात गाडीचा फोटो दिसेल, पण गाडी कळणार नाही.