औषध-व्यवस्थापन, डिजिटल (वृद्धनिवासांतील)

वृद्धनिवासात राहणाऱ्या व्यक्तीला कोणते औषध, किती, केव्हा आणि कोणत्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून द्यायचे, ते प्रत्यक्षात दिले की नाही आणि नाही तर का, याची एकच नोंद संगणकावर किंवा टॅबवर ठेवण्याची पद्धत.

उतारवयात मूत्रपिंडाचे काम मंदावते, त्यामुळे औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. त्यातच रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, गुडघेदुखी अशी एकेका तक्रारीची गोळी वाढत जाते. इंग्लंडमधील 55 निवासांतल्या 256 वृद्धांच्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर दहांपैकी जवळपास सात जणांच्या बाबतीत औषधाची किमान एक चूक सापडली. लिहिण्यात, पुरवण्यात, देण्यात आणि देखरेखीत, अशा सगळ्याच टप्प्यांवर त्या चुका होत्या. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी हानी कमी करण्याची जगभरची मोहीम सुरू केली.

प्रणालीचा गाभा म्हणजे औषधांचा तक्ता. डॉक्टर त्यात औषध मूळ नावाने लिहितात. ठरलेल्या वेळी नर्सच्या पडद्यावर रहिवाशाचा फोटो, गोळी आणि मात्रा दिसते. गोळी दिल्यावर तिथल्या तिथे नोंद होते, नाकारली किंवा उलटून पडली तर कारण लिहावे लागते. मूळ नावाचा आग्रह इथे फार मोलाचा. रुग्णालयातून परतलेल्या आजींच्या डिस्चार्ज कार्डावर अ‍ॅम्लोडिपिन एका ब्रँडने लिहिलेले असते आणि कपाटात तेच औषध दुसऱ्या ब्रँडने पडून असते. दोन्ही गोळ्या चालू राहिल्या की रक्तदाब उतरतो, चक्कर येते, पडून खुब्याचे हाड मोडते. संगणकाला दोन्हींतले औषध एकच आहे हे कळते आणि तो तिथेच थांबवतो. मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतते. नीट बांधलेल्या तक्त्यात ती उरलेले सहा दिवस दिसतच नाही.

हैदराबादच्या मलकपेठसारख्या जुन्या वस्तीत ही पद्धत राबवायची तर स्थानिक व्यवहार ध्यानात घ्यावा लागतो. या भागात सरकारी एरिया हॉस्पिटल आहे आणि यशोदा हे मोठे खासगी रुग्णालयही. रहिवासी एका ठिकाणी तपासून घेतो, दुसऱ्या ठिकाणी भरती होतो, नेहमीची औषधे तिसऱ्याच डॉक्टरांची असतात. ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’चा 14 अंकी ‘आभा’ क्रमांक (देशव्यापी आरंभ 27 सप्टेंबर 2021) असे ठिकठिकाणचे कागद जोडण्यासाठीच आहे, पण रहिवाशाच्या संमतीशिवाय त्यातली नोंद उघडता येत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांची संमती कोण देणार, हे निवासात प्रवेश घेतानाच ठरलेले बरे. इथे तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. गोळी देणाऱ्या केअरटेकरला वाचता येईल अशा भाषेत सूचना नसेल, तर टॅब नुसता शोभेचा ठरतो. रमजानच्या महिन्यात रोजे ठेवणाऱ्यांच्या गोळ्या सहर आणि इफ्तारच्या वेळेला सरकवाव्या लागतात. मधुमेहींच्या बाबतीत वेळेबरोबर मात्राही बदलावी लागते आणि तो बदल डॉक्टरांनीच करायचा असतो. वेळापत्रक असे बदलण्याची सोय नसली, की सारे पुन्हा वहीवर येते.

1 ऑगस्ट 2023 पासून देशातील 300 प्रमुख ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यातून औषधाचे मूळ नाव, बॅच आणि मुदत कळते. मात्र स्ट्रिपवर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर छापला तरी चालतो आणि आपल्याकडे दुकानदार स्ट्रिप कापून चार-सहा सुट्या गोळ्याही देतो. त्यामुळे स्कॅनिंगवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. वीज किंवा इंटरनेट गेल्यावर चालेल असा छापील तक्ता हाताशी हवाच. आणखी एक धोका माणसांचा आहे : फेरी संपल्यावर सगळ्यांच्या नावांसमोर एकदम ‘दिले’ अशी खूण करण्याची सवय. खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट, कारण डॉक्टर तिच्यावर विसंबून मात्रा वाढवतात.

ऑस्ट्रेलियात वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने 2021 च्या अंतिम अहवालात निवासांमध्ये डिजिटल औषध-नोंद सार्वत्रिक करण्याची शिफारस केली. भारतात आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाबाबतच्या 2007 च्या कायद्याचे कलम 19 वृद्धाश्रमांसंबंधी आहे. आश्रमांतील वैद्यकीय सेवांचे दर्जे आखण्याचा अधिकार ते राज्य सरकारला देते. औषधांची नोंद सक्तीची करण्यासाठी तेलंगणाला किंवा महाराष्ट्राला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. या कलमाखाली ती तरतूद करता येण्यासारखी आहे आणि ती व्हायला हवी.