खगोलीय सारण्या आणि त्यांच्या अभ्यासाची साधने

आकाशाच्या वेधांतून मिळालेली माहिती अखेरीस सारणीच्या रूपाने साठविली जाते. एका ज्योतीसाठी एक ओळ व एका मापनासाठी एक स्तंभ ही तिची रचना जुनीच आहे. पालटले ते तिचे आकारमान. हिपार्कोस उपग्रहाच्या १९९७ मधील सूचीत १,१८,२१८ नोंदी होत्या. गाइआ उपग्रहाच्या २०२२ मधील सूचीत त्या सुमारे १८१ कोटी झाल्या.

सारणी उपलब्ध असणे निराळे आणि तिचा उपयोग करता येणे निराळे. १९७९ साली योजिलेल्या ‘फिट्स’ ह्या स्वरूपामुळे वेधशाळांमधील माहितीची देवघेव सुकर झाली. परंतु त्याचा आरंभीचा रोख प्रतिमांवर होता. २००२ साली ‘व्हीओटेबल’ हे खास सारण्यांसाठीचे स्वरूप सिद्ध झाले. स्तंभातील राशी कोणती व तिचे एकक कोणते, हेही त्यात संगणकाला उमगेल अशा रीतीने नोंदविता येते. तथापि, आज्ञावली लिहिता न येणाऱ्या अभ्यासकाची अडचण तेवढ्याने दूर होत नव्हती.

ती दूर करण्याच्या प्रयत्नांत पुण्याचाही वाटा आहे. आयुका ही संस्था व पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी यांच्या सहकार्यातून ‘व्हीओप्लॉट’ हे आलेख काढण्याचे सॉफ्टवेअर तयार झाले आणि स्ट्रासबूर्ग येथील ‘व्हिझिए’ ह्या सूचीभांडाराशी जोडले गेले. ब्रिटनमध्ये स्टारलिंक प्रकल्पात मार्क टेलर यांनी ‘टॉपकॅट’ रचिले. प्रकल्प २००५ मध्ये संपला. परंतु ब्रिस्टल विद्यापीठात त्याचा विकास पुढे चालू राहिला, म्हणूनच ते टिकले.

ह्या साधनाचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कृत्तिकांच्या परिसरातील ताऱ्यांच्या निजगतींचा आलेख काढला असता एकत्र प्रवास करणाऱ्या ताऱ्यांचा पुंजका वेगळा दिसतो. तेवढाच निवडला की रंग व प्रत यांच्या दुसऱ्या आलेखात तेच तारे उठून दिसतात, आणि त्यांचा मुख्य क्रम समोर येतो. पूर्वी ज्यासाठी आज्ञावली लिहावी लागे, ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही साधते.

मात्र सुलभतेबरोबर जबाबदारीही येते. मापनातील त्रुटींमुळे गाइआच्या सूचीत अनेक अंधुक ताऱ्यांचे पराशय ऋण आढळतात. त्यांचा व्यस्तांक घेऊन अंतर काढल्यास तेही ऋण येते. सॉफ्टवेअर असा आकडा निमूटपणे मांडते. त्याची निरर्थकता ओळखण्याचे काम अभ्यासकाचेच राहते. म्हणून मूल्याच्या स्तंभाशेजारचा त्रुटीचा स्तंभ वाचण्याची सवय हा ह्या साधनांच्या शिक्षणाचा पहिला पाठ असावयास हवा.