चांदी झाली

पिकाला भाव लागून हाती पैसा खेळू लागला की मराठी माणूस ‘चांदी झाली’ म्हणतो. खामगावच्या पंचक्रोशीत हे शब्दशः खरं होत आलं आहे. कापूस बाजारात गेला, रुपये आले आणि त्या रुपयांची चांदी झाली. बुलडाणा जिल्ह्यातल्या या गावाला लोक अजून रजतनगरी म्हणतात.

इथला कापसाचा व्यापार 1820च्या सुमारास सुरू झाला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. 1870 मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा झाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, यावरून या कापसाची किंमत कळावी. गाठी मुंबईमार्गे विलायतेला गेल्या आणि वावरात राबणाऱ्याच्या हाती चांदीचा रुपया आला.

तो रुपया नीट बघायला हवा. 1835 पासून त्याचं वजन तोळाभर होतं आणि बारा भागांतले अकरा भाग चांदी होती. त्यामुळे रुपया आणि दागिना यांत भिंत अशी नव्हतीच. रुपये आटवून तोडे घडवावेत. आणि चांदी टांकसाळीत गेली तर थोडा खर्च कापून तिचे पुन्हा रुपये व्हावेत. सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी झाली, कापूस विकला गेला की घरातल्या बाईच्या पायात तोडे, सुनेला जोडवी, तान्ह्याला वाळे. वर्षभराच्या कष्टाचा पैसा असा अंगावर दिसायचा, चालताना वाजायचा. इंग्रजांच्या लेखी तो निपचित पडलेला पैसा होता. मला हे मुळीच पटत नाही. सावकाराच्या वहीत न जाता बाईच्या पायात थांबलेला पैसा घराला दोन गोष्टी देत होता: सणासुदीला मिरवण्याचा आनंद आणि रात्री निवांत झोप. नडीला पायातलं काढता येतं, हा भरवसा त्या झोपेमागे होता.

तो भरवसा एका कायद्यानं मोडला. जगात चांदीचा भाव घसरत चालला होता, तसा रुपयाही घसरत होता, आणि विलायतेला पौंडांत पैसे पाठवणाऱ्या सरकारला ते जड जाऊ लागलं. 26 जून 1893 रोजी सरकारनं लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. रुपयाची किंमत कायद्यानं सावरली. चांदी मात्र घसरतच राहिली. तोळाभर तोड्याला आता तोळाभर रुपया मिळेना. मग 1896-97चा दुष्काळ आला, आणि 1899-1900चा त्याहून भीषण. कापसाच्या मुलखात धान्य विकतच घ्यायचं होतं. बायकांनी पायातलं काढलं, तेव्हा त्या चांदीला तिच्यात घातलेल्या रुपयांहून बरेच कमी रुपये आले. 1876-78च्या दुष्काळात दागिन्यांना टांकसाळीचा आधार तरी होता. या वेळी तोही नव्हता. खामगावला या कायद्याची खबर कधी पोचली असेल? बहुतेक बायकांना ती सराफाच्या तराजूपुढेच कळली असणार.

पुढे 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947चं नाणं निकेलचं निघालं. पैसा आणि दागिना कायमचे वेगळे झाले. तरी खामगावकडच्या घरांनी चांदी सोडली नाही. 2006 मध्ये केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलडाणा होता. पॅकेजमध्ये कर्ज आणि व्याज यांचा हिशेब झाला. मला विचारावंसं वाटतं, त्या घरांत मोडायला काय उरलं होतं?

खामगावच्या सराफ्यात मृगाच्या तोंडावर बियाण्याची तजवीज करायला माणसं येतात. पदराच्या गाठीतून तोडे निघतात. सराफ ते कसाला लावतो, वजन करतो आणि विचारतो, ‘‘मोडायचे का गहाण ठेवायचे, मावशी?’’

‘‘गहाणच ठेवा. कापूस निघाला की सोडवून नेतो.’’